चौबळ सरांचा हॅवॉक

चौबळ सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द लिहिला, हाताचा खडू झटकला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, “हॅवॉक. अर्थ सांगा.”

“नासधूस, सर.”

“धुडगूस.”

“गोंधळ.”

“गोंधळ तुमच्याकडे लग्न लागल्यावर घालतात, गायकवाड. बसा खाली.”

वर्ग हसला. सरांचा तास म्हणजे हसणं आलंच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि शनिवारी अभ्यासक्रम बाजूला ठेवून एका शब्दाची जन्मकुंडली मांडायचे. त्या तासाला कॉमर्सची पोरंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसत.

“हा शब्द म्हणजे मुळात एक आरोळी आहे,” सर म्हणाले. “जुन्या फ्रेंचमधून इंग्रजांकडे आला. लुटीचा शब्द. लढाई जिंकली की सेनापती ओरडायचा, हॅवॉक! म्हणजे आता रांगा मोडा आणि हाताला लागेल ते लुटा. तोवर शिपायानं कशालाही हात लावायचा नाही. आणि हुकूम नसताना मध्येच कुणी ओरडला, तर?” त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं. “मुंडकं! धुडगूस घालायलासुद्धा वरून परवानगी लागायची. पुढे आरोळी गेली, लूट गेली, शब्दात नुसती नासधूस उरली.”

माझ्या शेजारी सगुणा पौळ बसली होती. तिनं हात वर केला.

“सर, ओरडणारा स्वतः लुटायला जायचा का?”

“छे. सेनापती तो. तो फक्त ओरडायचा.”

“मग लुटलेल्या लोकांनी नाव कुणाचं घेतलं असंल, सर? समोर दिसणाऱ्या शिपायाचंच ना?”

मागून कुणीतरी म्हणालं, “बरोबर विचारलं की!” आणि दोन-चार टाळ्या पडल्या. सरांच्या तासाला सरांशिवाय दुसऱ्या कुणाला टाळ्या पडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. “पौळ, तुला इतिहासाकडे पाठवायला हवं होतं,” असं म्हणून त्यांनी फळा पुसून टाकला.

ही १९८१ सालची गोष्ट. आमचं कॉलेज मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी होतं. सगुणा आणि मी होस्टेलच्या एकाच खोलीत राहत होतो. ती खेड्यातली, अंगानं सावळी, बोलायला तिखट आणि अभ्यासात माझ्या दोन पावलं पुढे. तिच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, कोडाचा एक डाग होता. सुपारीएवढा असताना लक्षात आला होता आणि वाढत चालला होता. अंगावर कोड निघालं की त्या काळी मुलीचं लग्न विसरायचं, शिवाय धाकट्या बहिणींचीही पंचाईत. घरात फक्त आईवडिलांना माहीत होतं आणि होस्टेलात मला, कारण तिचा स्वतःचा हात तिथं पोचत नसे. रोज संध्याकाळी दार लावून ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी तिला बावचीचं तेल लावायची. तेल जिरेपर्यंत तिची टकळी चालू असायची. बी.एड. करणार, शाळेत नोकरी धरणार, धाकट्या दोघींना शहरात आणणार, सगळं तिनं मला त्या वेळात सांगितलं.

त्या जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग झालं. गॅदरिंगमध्ये नाटक पडलं तरी चालायचं, पण फिशपाँड रंगला पाहिजे. लायब्ररीपाशी एक पत्र्याची पेटी आठ दिवस ठेवलेली असायची. ज्याला ज्याच्याबद्दल टोमणा मारायचा असेल त्यानं तो बिननावी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. गॅदरिंगच्या दुपारी त्या चिठ्ठ्या स्टेजवरून वाचायच्या. ज्याच्यावर फिशपाँड पडेल त्यानं वर जायचं, त्याच्या हातात वांगं, केरसुणी, फणी असलं काहीतरी बक्षीस ठेवायचं, आणि त्यानं हसत हसत ते घेऊन खाली यायचं. रडलं तर आणखी हसतात, हे सगळ्यांना ठाऊक असे.

चिठ्ठ्या वाचायचा मान दरवर्षी चौबळ सरांचा. पेटी ते आदल्या दिवशी घरी न्यायचे, अचकटविचकट चिठ्ठ्या काढून टाकायला. “मी फक्त वाचणारा आहे बरं का,” असं म्हणून सुरुवात करायचे आणि दीड तास हॉल डोक्यावर घ्यायचे. वाचलेली प्रत्येक चिठ्ठी खिशात घालायची त्यांची सवय होती.

सगुणाला निबंधस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, म्हणून तिचे वडील गावाकडून आले होते. धुवट धोतर, नवा पटका, आणि पाहुण्यांच्या मागे तिसऱ्या रांगेत खुर्ची. सरांनी एक चिठ्ठी उलगडली, चष्मा वर केला आणि वाचलं.

“कुमारी सगुणा पौळ हिला...

तोंडावर अमावस्या, पाठीवर चांदणं,
नवऱ्यानं दिवा लावला तर मोडायचं नांदणं!”

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एक मुलगी चित्कारली, “अय्या, कोड!” आणि हॉल फुटला. सगुणा उठली नाही. तिचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. शेवटी तीच आपली उठून स्टेजवर गेली, पावडरचा डबा हातात घेतला आणि खाली आली. तिचे वडील मान खाली घालून बसले होते. त्यांना हसणं समजलं नव्हतं, पण चांदणं समजलं होतं.

संध्याकाळी ती ट्रंक भरत होती. वडील फाटकाशी उभे होते.

“सगुणा, मी नाही लिहिलं. खरंच नाही.”

“मग कुणी लिहिलं? भिताडानं?”

“मला नाही माहीत.”

“तुझ्याबिगर कुणाला दाखवलं होतं मी, पद्मा? सांग की. कुणाला?”

तिनं तेलाची बाटली ट्रंकेत टाकली नाही, खिडकीतून बाहेर फेकली. माझ्याकडे न बघता ती गेली आणि परत आली नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. होस्टेलात मुली माझ्यासमोर बोलणं थांबवायच्या. रूममेटचं गुपित चव्हाट्यावर आणणारी, ही माझी ओळख झाली. मी एकेकीला गाठून विचारलं, मुलांच्या होस्टेलातही निरोप पाठवून चौकशी केली. चिठ्ठी लिहिणारा कुणी सापडला नाही. रात्रंदिवस मला एकच हवं होतं. ज्यानं हे केलं त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं आणि सगुणाला म्हणायचं, बघ, मी नव्हते.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी न राहवून तिच्या गावी गेले. तिनं आतून कडी लावून घेतली. तिचे वडील ओट्यावर आले. बस म्हणाले नाहीत.

“आता कामून आलात?”

“काका, मी नाही केलं हो ते.”

“तुम्ही पोरी एकमेकींच्या जिवावर उठता. अन् ते तुमचे चौबळ सर बघा. देवमाणूस! दर बुधवारी नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडं जायचं म्हणून ही रजा मागाया गेली, तर खुर्चीत बसवून सगळं इचारलं. कुठं हाये, केवढं हाये, किती दिवसांचं हाये. म्हणले, घाबरू नको पोरी, मी हजेरी लावतो. परका माणूस इतकं करतो, अन् तुम्ही मैत्रिणी असून...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. बुधवारी ती नांदेडला जाते हे मला माहीत होतं. हजेरी कोण लावतं, हा प्रश्नच मला पडला नव्हता. मी दाराशी तोंड नेऊन म्हणाले, “सगुणा, तू सरांना सांगितलं होतंस?”

आतून तिचा आवाज आला. “आता सरांवर घालायलीस? लाज वाटू दे थोडी.”

आपला मास्तर असं करील ही शंकासुद्धा तिला पाप वाटत होती. मैत्रिणीवर शंका घ्यायला मात्र तिला क्षणभर लागला नव्हता. त्याचाही मला राग आला, पण तो राग मी मागं ठेवला. तोवर चौबळ सर माझेही सर होते. त्या ओट्यावरून उतरले तेव्हापासून माझ्यासाठी तो नुसता चौबळ झाला, आणि आज त्याला जाऊन बारा वर्षं झाली तरी चौबळच आहे.

परतीच्या एस.टी.त मला एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. वाचलेल्या चिठ्ठ्या तो खिशात का घालतो? दरवर्षी सगळ्या चिठ्ठ्यांची भाषा एकसारखी कशी असते? आमच्या पोरांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि पेटीतून मात्र यमकं जुळवलेले फिशपाँड निघतात! तो वाचणारा नव्हताच. लिहिणाराही तोच होता. भर वर्गात एका खेडवळ पोरीला टाळ्या पडल्या, त्याचं त्यानं उट्टं काढलं होतं.

पण हे सांगून पटणार कुणाला? प्राचार्य नळदकर त्याला ‘आमच्या कॉलेजचं भूषण’ म्हणत. पुरावा हवा होता आणि तो त्याच्याच तोंडून यायला हवा होता.

त्या वर्षी मी मुलींची प्रतिनिधी, म्हणजे एल.आर., झाले होते; ते पद मतांवर नव्हे, मार्कांवर मिळायचं. गॅदरिंगच्या आधीच्या मंगळवारी मी त्याच्या केबिनमध्ये गेले.

“सर, मुलं कुजबुजतात. तुम्ही घरी नेऊन चिठ्ठ्या बदलता म्हणतात. यंदा पेटी सरळ स्टेजवरच उघडली तर?”

मला वाटलं होतं तो कां-कूं करील. तो क्षणात म्हणाला, “अवश्य! कर नाही त्याला डर कशाला?” त्याला पेटीची गरजच नव्हती, म्हणून इतक्या सहज हो म्हणाला. माझी उरलीसुरली शंका तिथं मिटली.

मग मी उठले नाही. डोळ्यांना पदर लावला. ते रडणं खोटं नव्हतं, कारण जे सांगणार होते ते खोटं नव्हतं.

“काय झालं, वट्टमवार?”

“सर, कुणाला सांगू नका. माझी आई वारली असं मी सगळ्यांना सांगते. खोलीत तिचा फोटो आहे, त्याला हार घालते. पण ती गेलेली नाही. मी नऊ वर्षांची असताना ती घर सोडून गेली. निजामाबादला आहे, दुसऱ्या माणसाबरोबर. आता तिनं निरोप पाठवलाय, एकदा भेटायला ये म्हणून. काय करू?”

खोटं गुपितही सांगता आलं असतं. पण चौबळला माणसं वाचता यायची. खोट्याला तो फसला नसता. शिवाय ते असं हवं होतं की हातात पडल्यावर त्याला राहवलंच नाही पाहिजे.

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. किती वर्षं झाली, तो माणूस काय करतो, वडिलांनी दुसरं लग्न का केलं नाही, सगळं मायेनं विचारून घेतलं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझ्यापाशी हे सुरक्षित आहे, बाळ.” मी वाकून त्याच्या पाया पडले.

गॅदरिंगच्या सकाळी मी पेटी उघडली. यंदा ती सरांच्या घरी जायची नव्हती, म्हणून किल्ली एल.आर.कडे, माझ्याकडेच होती. आतल्या चिठ्ठ्या वाचल्या. ‘जाधव मिशीला काळं लावतो’, ‘ग्रंथपाल दुपारी घोरतात’, असल्या. त्या सगळ्या काढल्या आणि तितकेच कागद दुमडून आत टाकले. कोरे. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली नेऊन प्राचार्यांच्या हातात दिली. “सर, यंदा तुमच्या हस्ते उघडायची,” म्हणाले. ते खूश झाले.

दुपारी हॉल खच्चून भरला होता. प्राचार्यांनी पेटी उघडली, टाळ्या झाल्या, आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी ताम्हण घेऊन चौबळच्या शेजारी उभी राहिले. “वाचलेल्या चिठ्ठ्या यात टाका, सर.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण समोर सगळं कॉलेज बसलं होतं.

“मी फक्त वाचणारा आहे बरं का,” तो म्हणाला आणि हशा पिकला.

त्यानं पहिली चिठ्ठी उलगडली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पापण्या एकदाच हलल्या. ती तशीच मिटून त्यानं दुसरी घेतली. दुसरीही कोरी. त्या क्षणी तो म्हणू शकला असता, कुणीतरी चावटपणा केलाय, चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. म्हटलं असतं तर तो सुटला असता आणि मी मेले असते. पण हॉल वाट बघत होता, आणि लोक हसायची वाट बघत असताना चौबळला गप्प बसता येत नसे. त्यानं चष्मा वर केला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिला फिशपाँड जी.एस.वर. हशा. दुसरा ग्रंथपालांवर. आणखी हशा. दोन्ही कागद ताम्हणात पडले. तिसरा कागद उलगडून तो क्षणभर माझ्याकडे वळला आणि हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

“आणि ही आमच्या लाडक्या एल.आर.ला...

फोटोला घालते हार रोज, डोळ्यांत आणते पाणी,
आई तिकडं निजामाबादेत दुसऱ्याच्या घरची राणी!”

हॉल हसला. नऊ वर्षांच्या वयापासून जे झाकलं ते दोन ओळींत संपलं. पण मला रडायला वेळ नव्हता. मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला, पायऱ्या उतरून प्राचार्यांपुढे गेले आणि तो त्यांच्या हातात ठेवला.

“सर, यावर काय लिहिलंय ते वाचता का?”

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

“चौबळ,” ते हळूच म्हणाले, “हा कोरा आहे.”

चौबळ म्हणाला, “काहीतरी चूक... चिठ्ठ्यांची अदलाबदल...”

मी परत वर गेले आणि पेटी टेबलावर उपडी केली. सगळे कागद पहिल्या रांगेवर उधळले. लोक ते उलगडून बघायला लागले. मग मी माईक हातात घेतला.

“माझी आई जिवंत आहे, हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. मंगळवारी. चौबळ सरांना, त्यांच्या केबिनमध्ये. आणि गेल्या वर्षी सगुणा पौळनं तिच्या पाठीवरच्या डागाचं सांगून रजा मागितली होती, तीही चौबळ सरांकडेच. चिठ्ठी तेव्हाही नव्हती.”

मागच्या बाकांवर आमचा शनिवारचा सगळा वर्ग उभा होता. मी त्यांच्याकडे बघून एकच शब्द ओरडले.

“हॅवॉक!”

त्यांना अर्थ माहीत होता. बाक वाजायला लागले, मग पाय, मग शिट्ट्या, आणि कागदाचे बोळे स्टेजवर यायला लागले. त्याच्या बक्षिसांच्या टोपलीतली वांगी पोरांनी त्यालाच फेकून मारली. गायकवाडनं केरसुणी नेऊन त्याच्या खांद्याला टेकवली आणि सरांच्याच थाटात म्हणाला, “या, बक्षीस घेऊन जा.” चौबळ “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत होता, पण माईक माझ्याकडे होता. शेवटी तो विंगेतून मागच्या दारानं निघाला. एक चप्पल पायात, एक कुठंतरी राहिलेली. मी ते शेवटपर्यंत बघितलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं मला. आज इतक्या वर्षांनी, हे बरोबर होतं का असं कुणी विचारलं, तर मी सांगते की मला पुन्हा संधी मिळाली तर दुसरी चप्पलही राहू देणार नाही.

तो रजेवर गेला आणि पुढे दुसऱ्या गावच्या कॉलेजात लागला. प्राचार्यांनी फिशपाँड कायमचे बंद केले आणि हॉलमधल्या धुडगुसाबद्दल माझं एल.आर.पद काढून घेतलं. मी म्हणाले, काढा.

पुढच्या रविवारी मी सगुणाच्या गावी गेले. बातमी माझ्या आधी पोचली होती. या वेळी दार उघडं होतं. तिच्या वडिलांनी हात जोडले. “चुकलं पोरी आमचं,” म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर निघून गेले. सगुणानं चहा केला. मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. चप्पल राहिली तिथं ती खळखळून हसली. मला वाटलं, जिंकले. मी पिशवीतून नोट्स काढल्या.

“परीक्षा बाहेरून देता येते. मी चौकशी केलीय. चल माझ्याबरोबर. तुझी कॉट अजून रिकामीच आहे.”

ती नोट्स चाळत राहिली. मग म्हणाली, “तुझी आई खरंच निजामाबादला हाये?”

“हो.”

“दीड वर्ष माझ्या पाठीला तेल लावलंस. फोटोसमोर बसून. त्या फोटोला मी बी रोज हात जोडायची, पद्मा.”

“सगुणा, हे सगळं मी तुझ्यासाठी केलं. माझं होतं नव्हतं ते पणाला लावलं.”

“ठाऊक हाये मला. ते मी कधी इसरणार नाही.” तिनं नोट्स नीट लावून मांडीवर ठेवल्या. “पण तो कसा हाये हे ठाऊक असून तू त्याला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.”

तिनं चहाच्या रिकाम्या कपबशा उचलल्या.

“परीक्षेला येते मी,” ती म्हणाली. “पण तुझ्या खोलीत नको.”